दोन फूट जास्त कुंपणाची किंमत: न्यू जर्सीतला व्हेरियन्स आणि त्याचा खरा खर्च

कुंपणाचं कोटेशन हाती आलं की घरातले सगळे त्या एकाच आकड्याकडे बघतात. दीडशे फूट लांबीचं, सहा फूट उंचीचं व्हायनिलचं कुंपण, गेटसकट, ढोबळमानाने सहा ते नऊ हजार डॉलर. घासाघीस होते, रंग ठरतो, काँट्रॅक्टरला आगाऊ रक्कमही दिली जाते. मग टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसरचं पत्र येतं: तुमचा लॉट कोपऱ्यावरचा आहे, दोन्ही रस्त्यांकडची बाजू नियमात ‘पुढचं अंगण’ धरली जाते, आणि पुढच्या अंगणात चार फुटांपेक्षा उंच कुंपण चालत नाही. हवंच असेल तर व्हेरियन्ससाठी अर्ज करा. काँट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये या अर्जाचा एक डॉलरही धरलेला नसतो.

हा लेख न्यू जर्सीपुरता आहे, कारण जमीनवापराचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. न्यू जर्सीत १९७५ चा म्युनिसिपल लँड यूज लॉ सगळीकडे एकच लागू आहे. मात्र त्याखाली ५६४ नगरपालिका आपापले ऑर्डिनन्स करतात. बोर्ड कसं बसतं, नोटीस कुणाला द्यायची, मुदती किती, हे राज्याच्या कायद्याने ठरतं. कुंपण किती उंच, लॉट किमान किती रुंद, अर्जाची फी किती, हे तुमचं गाव ठरवतं. त्यामुळे एडिसनमधल्या मित्राचा अनुभव प्लेन्सबरोत जसाच्या तसा लागू होत नाही, आणि खर्चाचे आकडेही त्याच्याकडून उसने घेता येत नाहीत. खाली दिलेले डॉलरचे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. तुमच्या गावाचं फीचं वेळापत्रक टाउनशिपच्या ऑर्डिनन्समध्ये छापलेलं असतं, ते पहिल्यांदा बघा.

अडचण कुणाची?

व्हेरियन्स म्हणजे या एका जमिनीपुरती नियमातून दिलेली सूट. ती देणाऱ्या बोर्डाला झोनिंग बोर्ड ऑफ अॅडजस्टमेंट म्हणतात. त्यात सात नियमित सदस्य असतात, शिवाय काही पर्यायी. हे गावातलेच रहिवासी. लहान गावांत हे काम प्लॅनिंग बोर्डाकडेच असतं.

त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर बहुतेक अर्जदार घरची गोष्ट सांगतात. मुलं लहान आहेत, रस्त्यावर गाड्या वेगाने जातात. आई-बाबा भारतातून सहा महिने येतात, त्यांना मागच्या अंगणात बसायला आडोसा हवा. शेजारचा कुत्रा येतो. या सगळ्या गरजा खऱ्या आहेत आणि सदस्य त्या सहानुभूतीने ऐकतातही. पण कायदा वेगळाच प्रश्न विचारतो: या जमिनीत असं काय आहे, ज्यामुळे नियम इथेच जाचक ठरतो?

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. मिळालेला व्हेरियन्स जमिनीला चिकटतो, मालकाला नाही. तुम्ही घर विकून गेलात तरी तो राहतो. मुलं मोठी होतात, आई-बाबा परत जातात, कुंपण मात्र तिथेच असतं. कायमची सूट द्यायची तर तिचं कारणही जमिनीइतकंच टिकाऊ हवं, असा हा विचार आहे. मला तो योग्य वाटतो, आणि तो आधी कळला असता तर कित्येक घरांचे पैसे वाचले असते.

कुंपणासाठी आणि लॉटच्या मापांसाठी जो व्हेरियन्स लागतो त्याला सगळे ‘सी व्हेरियन्स’ म्हणतात. तो मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला अडचणीचा: लॉट फारच अरुंद आहे, उथळ आहे, आकार वेडावाकडा आहे, उतार आहे, किंवा आधीपासून कायदेशीर उभ्या असलेल्या घरामुळे दुसरा पर्याय उरलेला नाही. अडचण तुम्ही स्वतः निर्माण केलेली नसावी. कुंपण आधी उभं केलं आणि आता ते काढायला खर्च येतो, ही अडचण धरली जात नाही. दुसरा मार्ग फायद्याचा: नियमातून सूट दिली तर कायद्याचे नियोजनविषयक हेतू जास्त चांगले साधतात, आणि होणारा फायदा नुकसानीपेक्षा स्पष्टपणे मोठा आहे. हा फायदा फक्त मालकाचा असून भागत नाही, परिसराचाही हवा, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने वॉरन टाउनशिपच्या १९८८ च्या खटल्यात सांगितलं. दोन्ही मार्गांत आणखी एक गोष्ट दाखवावी लागते: शेजारपाजाऱ्यांचं फार नुकसान होत नाही आणि गावाच्या झोनिंग आराखड्याला धक्का लागत नाही.

अडचण म्हणजे जमीन निरुपयोगी झाली पाहिजे, असा मात्र अर्थ नाही. नॉर्थ कॉल्डवेलमधल्या एका ५० फूट रुंद लॉटवर पोहण्याच्या तलावासाठी दिलेला व्हेरियन्स १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला. जमिनीच्या अरुंदपणामुळे एरवी सहज करता येणारा वापर अडतो, एवढं दाखवणं पुरेसं ठरलं. अरुंद किंवा तिरक्या लॉटच्या मालकांनी हे लक्षात ठेवावं.

हरणांचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे. मागे भेंडी, दुधी, मेथी लावायची आणि एका रात्रीत हरणांनी ती फस्त करायची. सहा फुटांचं कुंपण हरीण ओलांडतं, म्हणून आठ फूट हवं. पण हरणं आळीतल्या सगळ्यांकडे येतात, तेव्हा ही अडचण तुमच्या जमिनीची विशेष नव्हे, असं उत्तर येण्याची शक्यता मोठी. काही गावांनी जाळीच्या हरीण-कुंपणासाठी नियमात स्वतंत्र तरतूद ठेवली आहे. तुमच्या गावात ती असेल तर व्हेरियन्सची गरजच नाही. नसेल तर संपूर्ण लॉटऐवजी फक्त वाफ्यांभोवती जाळी लावलेली चालेल का, हे झोनिंग ऑफिसरला विचारा. उत्तर ईमेलवर मागा.

अर्जाआधीचे सगळ्यात स्वस्त दोन आठवडे

पैसे वाचतात ते इथेच. आधी साधा झोनिंग परमिटचा अर्ज करा. त्याची फी बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आत असते, आणि ऑफिसरने कामकाजाच्या दहा दिवसांत होय किंवा नाही सांगावं असं कायदा म्हणतो. नकार आला तर तो लेखी घ्या, त्यात ऑर्डिनन्सचं नेमकं कलम हवं. पुढच्या अर्जात आणि नोटिशीत तेच कलम लिहायचं असतं. ऑफिसरने नियमाचा अर्थच चुकीचा लावला आहे असं वाटत असेल तर २० दिवसांच्या आत बोर्डाकडे अपील करता येतं. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

मग नकाराचं पत्र आणि सर्व्हेचा नकाशा शेजारी ठेवून बघा, कुंपण किती सरकवलं तर नियमात बसतं. अनेक गावांत अडचण उंचीची नसते, जागेची असते: तेच सहा फुटी कुंपण घराच्या भिंतीच्या रेषेपर्यंत मागे घेतलं की चालतं. आठ-दहा फूट रुंदीची गवताची पट्टी कुंपणाबाहेर राहते, ती अजूनही तुमचीच असते. ती पट्टी दोन-तीन हजार डॉलर आणि चार महिने खर्च करण्याइतकी मोलाची आहे का, हा हिशेब प्रत्येकाने आपला करावा. कित्येकदा उत्तर ‘नाही’ असतं. चार फुटी कुंपण आणि त्यामागे सदाहरित झाडांची रांग हाही पर्याय आहे. आर्बोर्व्हायटी लावताना मात्र जपून, हरणांना ती फार आवडते. त्यातली ‘ग्रीन जायंट’ जात ती तुलनेने कमी खातात. झाडांच्या रांगेलाही काही गावं उंचीची मर्यादा लावतात, विशेषतः कोपऱ्यावर.

कोपऱ्याचं एक वेगळं सांगायला हवं. दोन रस्ते मिळतात तिथे वाहनचालकांना दिसण्यासाठी एक त्रिकोण मोकळा ठेवावा लागतो. त्या त्रिकोणात उंच कुंपणासाठी व्हेरियन्स मागणं म्हणजे पैसे वाया घालवणं. प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि कुठलंही बोर्ड तिथे सहसा हलत नाही. हलूही नये.

खर्च कुठे कुठे होतो

पहिला खर्च सर्व्हेचा. घर घेताना टायटल कंपनीसाठी केलेला सर्व्हे बहुतेकांच्या कागदपत्रांत असतो. अनेक बोर्डं कुंपणासाठी त्याच्याच प्रतीवर कुंपणाची रेषा आखून दिलेली चालवून घेतात, अट एवढीच की तो फार जुना नको आणि मधल्या काळात डेक किंवा शेड वाढलेली नको. पण त्या सर्व्हेत एक गोम असते. न्यू जर्सीत सर्व्हेयरने लॉटच्या कोपऱ्यांवर खुणा रोवायच्या असतात. मात्र खरेदीच्या वेळी काही पैसे वाचवायला ‘खुणा नकोत’ असं लिहून देता येतं, आणि बरेच जण ते न वाचता सही करतात. कागदावर हद्द असते, जमिनीवर नसते. कुंपण घालायचं तर ती जमिनीवरच हवी. नव्याने सर्व्हे करून खुणा रोवून घ्यायला लॉटच्या आकारानुसार ८०० ते १,५०० डॉलर धरा. हा खर्च वाचवू नका. शेजाऱ्याच्या हद्दीत सहा इंच गेलेलं कुंपण हे व्हेरियन्सपेक्षा कितीतरी महाग दुखणं आहे, आणि त्यात शेजारही तुटतो.

दुसरा, अर्जाची फी. एका घराच्या कुंपणासाठी ही शंभरापासून पाचशे डॉलरपर्यंत कुठेही असू शकते. ही रक्कम परत मिळत नाही, अर्ज फेटाळला तरीही. अर्जासोबत मालमत्ता कर भरलेला असल्याचा दाखलाही लागतो. थकबाकी असेल तर ती आधी चुकती करा.

तिसरा खर्च एस्क्रोचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. ही फी नाही, अनामत आहे. बोर्डाचे वकील, इंजिनिअर किंवा प्लॅनर तुमचा अर्ज तपासायला जो वेळ देतात, त्याचं बिल या अनामतीतून वळतं केलं जातं. दर तासाचा असतो. दीडशे-दोनशे डॉलर तासाला हे सर्रास दिसतं. कुंपणाच्या अर्जाला पाचशे ते दोन हजार डॉलर भरायला सांगतात. शिल्लक कमी पडली तर आणखी भरायला सांगणारं पत्र येतं, आणि ते भरेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून एस्क्रो कमी लागावा असं वाटत असेल तर व्यावसायिकांचा वेळ कमी लागेल असा अर्ज द्या: चेकलिस्टमधला प्रत्येक कागद पहिल्याच फेरीत जोडलेला, नकाशावर कुंपणाची जागा, उंची, प्रकार, गेट आणि रस्त्यापासूनचं अंतर स्पष्ट लिहिलेलं, चारही बाजूंचे फोटो. चेकलिस्टमध्ये मोठ्या प्रकल्पांसाठीच्या गोष्टीही असतात, जसे उताराच्या रेषा किंवा सांडपाण्याचा आराखडा. कुंपणाला त्यांची गरज नसते. त्यातून सूट मिळावी असं अर्जातच लिहून मागता येतं. जे मागत नाहीत त्यांना इंजिनिअरकडून काढलेल्या नकाशाचे हजार-दीड हजार डॉलर उगाच पडतात.

प्रत्येक बिलाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. तुमच्या अर्जाशी संबंध नसलेलं काम किंवा अवाजवी तास दिसले तर लेखी हरकत घेता येते, आणि तिथे मिटलं नाही तर बिलाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत काउंटीच्या कन्स्ट्रक्शन बोर्ड ऑफ अपील्सकडे जाता येतं. मी हे एवढ्यासाठी सांगतो की आपली माणसं सरकारी बिल आलं की ते बरोबरच असणार असं धरून चालतात. विचारणं हा भांडखोरपणा नाही.

चौथा खर्च नोटिशींचा. तुमच्या लॉटपासून २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला, सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी, लेखी नोटीस द्यावी लागते. २०० फुटांत शेजारच्या गावाची हद्द येत असेल तर तिथल्या मालकांनाही, आणि त्या गावाच्या क्लार्कलाही. घर काउंटीच्या रस्त्यावर असेल तर काउंटीच्या प्लॅनिंग बोर्डालाही. मालकांची यादी स्वतः बनवू नका. टाउनशिपकडून प्रमाणित यादी घ्या. ती सात दिवसांत मिळते आणि तिची फी कायद्यानेच बांधलेली आहे: नावामागे २५ सेंट किंवा एकूण १० डॉलर, यांतलं जे जास्त असेल ते. या यादीवर विसंबून दिलेल्या नोटिशीत एखादं नाव सुटलं तर दोष तुमच्यावर येत नाही. दहा डॉलरमध्ये एवढं संरक्षण दुसरं कुठे मिळणार?

नोटीस सर्टिफाइड पोस्टाने जाते, पत्रामागे सहा डॉलरच्या आसपास. वर रिटर्न रिसीट लावली तर आणखी चारेक डॉलर. कायदा रिटर्न रिसीटची सक्ती करत नाही, पोस्टाच्या शिक्क्याची पावती पुरते. तरी तुमच्या बोर्डाची काय अपेक्षा आहे ते सेक्रेटरीला विचारून घ्या. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे नोटीस हातोहात देणं. तेही कायदेशीर आहे, फक्त कुणाला, कधी दिली याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मला वाटतं, शक्य तितक्या शेजाऱ्यांना हातानेच द्यावी. इंग्रजीतली कायदेशीर नोटीस अचानक पोस्टाने आली की माणसं घाबरतात, ‘आपल्या विरुद्ध काहीतरी चाललंय’ असं वाटतं. दारात उभं राहून नकाशा दाखवला, कुंपण कुठून कुठे जाणार ते सांगितलं, की निम्मा विरोध तिथेच विरघळतो.

हीच नोटीस जाहीरही करावी लागते, आजवर बहुधा नगरपालिकेच्या अधिकृत वर्तमानपत्रात. तीस ते शंभर डॉलर लागतात. न्यू जर्सीतली छापील वर्तमानपत्रं कमी होत चालली आहेत, ‘स्टार-लेजर’ची छापील आवृत्ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. म्हणून जाहिरात नेमकी कुठे द्यायची हे बोर्डाच्या सेक्रेटरीकडून लेखी घ्या. नोटीस एक दिवस उशिरा गेली किंवा त्यात कलम चुकलं तर बोर्डाला तुमचं प्रकरण ऐकण्याचा अधिकारच राहत नाही. सगळ्या नोटिशी पुन्हा पाठवायच्या, जाहिरात पुन्हा द्यायची आणि महिनाभर थांबायचं.

वकील लागतोच का? घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर नाही. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. घर एलएलसीच्या नावावर असेल, भाड्याने देण्यासाठी अनेक जण तसं घेतात, तर वकील आवश्यकच आहे. साध्या कुंपणासाठी वकिलाचे अडीच ते पाच हजार डॉलर होतात. प्लॅनरची साक्ष ठेवली तर आणखी दोन-साडेतीन हजार. सरळ प्रकरणात, शेजाऱ्यांचा विरोध नसताना, मी कुंपणासाठी वकील करायला सांगणार नाही. तासाभराची सल्ल्याची फी देऊन अर्ज आणि नोटीस तपासून घेणं हा मधला मार्ग चांगला. विरोधक वकील घेऊन येणार असं कळलं तर मात्र कचरू नका, तुम्हीही घ्या.

आता बेरीज. समजा कोपऱ्यावरचा लॉट आहे, यादीत ३५ नावं आहेत, त्यांतल्या वीस जणांना तुम्ही हातोहात नोटीस दिली. सर्व्हे आणि खुणा ९०० डॉलर, अर्ज २५०, एस्क्रो ७५०, यादी १०, पंधरा पत्रं ९०, जाहिरात ६०, छायाप्रती आणि फोटो ६०. एकूण २,१२० डॉलर. यातला एस्क्रोचा काही भाग परत येतो. वकील आणि प्लॅनर घेतले तर हाच आकडा साडेसहा ते साडेदहा हजारांच्या घरात जातो, म्हणजे कुंपणाइतकाच किंवा त्याहून जास्त.

सुनावणीची संध्याकाळ

अर्ज आल्यावर तो पूर्ण आहे की नाही हे ठरवायला ४५ दिवस, आणि पूर्ण ठरल्यापासून निर्णयाला १२० दिवस, अशा कायद्याच्या मुदती आहेत. प्रत्यक्षात तीन ते पाच महिने धरावेत. मार्चमध्ये अर्ज केला तर उन्हाळा बहुधा कुंपणाशिवाय जातो. त्यासाठी हिवाळ्यात सुरुवात करा.

सुनावणी संध्याकाळी, सगळ्यांसमोर होते. तुम्हाला शपथ दिली जाते आणि तुम्ही बोलता ती साक्ष असते. आधी एकदा दुसऱ्या कुणाच्या सुनावणीला जाऊन बसा. त्या खुल्या असतात, फुकट असतात, आणि तुमच्या गावाचं बोर्ड कोणत्या गोष्टीवर अडतं ते दोन तासांत कळतं.

आपल्याकडची एक सवय इथे उपयोगी पडत नाही, ती म्हणजे सह्या गोळा करण्याची. शेजाऱ्यांची पत्रं आणि सह्यांचे अर्ज बोर्ड पुरावा म्हणून स्वीकारत नाही, कारण कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत. तुमच्या बाजूने बोलणारा शेजारी स्वतः यायला हवा. एक शेजारी उभा राहून ‘माझ्या खिडकीतून हेच कुंपण दिसणार आहे आणि माझी हरकत नाही’ असं म्हणाला तर ते वीस सह्यांपेक्षा जड भरतं.

तडजोडीची तयारी ठेवा. सहा फुटांऐवजी पाच फूट, भरीव फळ्यांऐवजी मध्ये फट असलेल्या, कुंपण रस्त्यापासून आणखी तीन फूट आत आणि बाहेरच्या पट्टीत झुडपं, अशा सूचना सदस्य करतात. काय मान्य आणि काय अजिबात नाही, हे नवरा-बायकोने घरीच ठरवून यावं. तिथल्या तिथे अर्ज बदलता येतो. बदलायला नकार दिला तर मूळ अर्जावर मतदान होतं. सी व्हेरियन्सला हजर सदस्यांचं साधं बहुमत लागतं.

लॉटच्या मापांचं प्रकरण मोठं असतं

कुंपणापेक्षा लॉटच्या मापांचे व्हेरियन्स वेगळ्या वजनाचे असतात. झोनमध्ये किमान रुंदी ७० फूट आणि लॉट ५० फूट, अशा जागा न्यू जर्सीच्या जुन्या गावांत भरपूर आहेत, कारण लॉट आधी पाडले गेले आणि झोनिंगचे नियम नंतर आले. घर आधीपासून उभं असेल तर त्यात राहायला काही अडचण नाही. प्रश्न येतो तो मजला वाढवताना, बाजूला खोली काढताना, किंवा रिकाम्या अरुंद लॉटवर घर बांधताना.

वेस्टफील्डमधल्या अशाच एका रिकाम्या लॉटचं प्रकरण १९८० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढे गेलं होतं: रुंदी आणि क्षेत्रफळ, दोन्ही नियमापेक्षा कमी. मालकाने शेजारची पट्टी विकत घ्यायचा, किंवा आपला लॉट शेजाऱ्याला वाजवी भावात विकायचा प्रयत्न केला का, याला कोर्टाने महत्त्व दिलं. तेव्हापासून अरुंद लॉटच्या अर्जाआधी दोन्ही शेजाऱ्यांना ‘विकता का किंवा घेता का’ असं पत्र पाठवण्याची रीत आहे. असा रिकामा अरुंद लॉट स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी सुचवलं तर ‘व्हेरियन्स मिळाला तरच खरेदी’ अशी अट करारात घाला. अट नसेल तर लॉट घेऊच नका, इतकं स्पष्ट मी सांगेन.

दुसरा धोका आणखी छुपा आहे. शेजारशेजारचे दोन लॉट नियमापेक्षा लहान असतील आणि ते एकाच मालकाच्या नावावर आले, तर कायद्याच्या दृष्टीने ते एकत्र झाले असं मानलं जाऊ शकतं. हे तत्त्व १९६७ पासून न्यू जर्सीत लागू आहे. मग त्यातला एक वेगळा विकायचा तर सबडिव्हिजनची मंजुरी आणि व्हेरियन्स, दोन्ही लागतात. मुलासाठी म्हणून शेजारचा लॉट घेणाऱ्यांनी तो कोणाच्या नावावर घ्यायचा, हे खरेदीआधी जमीनवापराच्या वकिलाला विचारावं. तेव्हाचे चारपाचशे डॉलर पुढचे दहा-पंधरा हजार वाचवू शकतात. या प्रकारच्या अर्जांत वकील, इंजिनिअर, प्लॅनर तिघेही लागतात, एस्क्रोही काही हजारांत असतो. इथे स्वतः लढण्याचा सल्ला मी देणार नाही.

व्हेरियन्सने न सुटणाऱ्या गोष्टी

तुमच्या वसाहतीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर तिची परवानगी वेगळी. बोर्डाने सूट दिली तरी एचओए नाही म्हणू शकते, आणि तो वाद टाउनशिप सोडवत नाही. म्हणून एचओएचं पत्र आधी, अर्ज नंतर. सर्व्हेवर इझमेंटची पट्टी दाखवलेली असेल, पावसाच्या पाण्याची किंवा वीज-गॅसची, तर तिथलं कुंपण उद्या कामासाठी काढलं जाऊ शकतं आणि पुन्हा उभं करण्याचा खर्च तुमच्यावर पडू शकतो. सहा फुटांपर्यंतच्या साध्या कुंपणाला बांधकाम परवाना लागत नाही. पण तलावाभोवतीच्या कुंपणाला लागतो, त्याची उंची किमान ४८ इंच आणि गेट आपोआप बंद होणारं हवं. यात सवलत मागायचा विचारसुद्धा करू नका, तो नियम लहान मुलांच्या जिवासाठी आहे. खांबांचे खड्डे खणण्याआधी कामकाजाचे पूर्ण तीन दिवस आधी ८११ वर फोन करायचा. जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून मिळतात, त्याला पैसे पडत नाहीत. काँट्रॅक्टर करेल असं गृहीत धरू नका, त्याला त्या फोनच्या नोंदणीचा क्रमांक विचारा.

मंजुरीनंतर

बोर्डाने होकार दिला त्या रात्री लगेच काम सुरू करायचं नसतं. निर्णयाचा लेखी ठराव ४५ दिवसांच्या आत मंजूर होतो, मग निर्णयाची नोटीस जाहीर होते, आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस विरोधकाला कोर्टात जाता येतं. या काळात बांधायला बंदी नाही, पण प्रकरण उलटलं तर कुंपण काढावं लागेल, ही जोखीम तुमची. शेजाऱ्यांचा विरोध नव्हता तर बरेच जण थांबत नाहीत. विरोध झाला असेल तर थांबा. निर्णयाची नोटीस बोर्ड देणार की तुम्ही द्यायची, तेही विचारा. ती प्रसिद्ध झालीच नाही तर ४५ दिवसांची मुदत सुरूच होत नाही.

ठरावातल्या अटी शब्दशः वाचा. काही गावांत ठरावीक काळात काम केलं नाही तर व्हेरियन्स रद्द होतो. ठरावाची प्रत जोडून झोनिंग परमिट पुन्हा घ्यायचं, मगच काँट्रॅक्टरला तारीख द्यायची. कुंपणाची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवायची हा नियम बहुतेक गावांत आहे, तो कामगारांना पहिल्याच दिवशी सांगा. शेवटची तपासणी झाली, सही झाली, की त्याच आठवड्यात टाउनशिपला सर्टिफाइड पत्राने एस्क्रोचा हिशेब आणि उरलेली रक्कम मागा. कुणी मागितली नाही की ती खात्यात पडून राहते. ठरावाची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा तीच मागेल.